स्टीफन्सनचा हट्ट

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे घरात काही बिघडलं की ‘इंजिनीअर ना तू?’ हा टोमणा ठरलेला. मागच्या पावसाळ्यात आमच्या जुन्या गाडीचं चाक बदलायला बाबा आणि मी पार्किंगमध्ये उतरलो. गाडी बॉटल जॅकवर चढवली, चाक काढलं. एक नट घरंगळत गाडीखाली गेला. बाबांनी तो काढायला हात घातला, खांदाही आत गेला. माझी नजर सहज जॅककडे गेली. दांडा खाली येत होता. हळूहळू, आवाज न करता. मी ओरडलो, बाबांनी हात ओढला. पुढच्या मिनिटाभरात गाडी चांगली वीतभर बसली.

रात्री झोप येईना. पास्कलचा नियम मी परीक्षेत किती वेळा लिहिला असेल! पास्कलचा यावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 मध्ये छापला गेला. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन दट्टे असावेत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठा. मग लहान दट्टा दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची बरोबरी करेल, असं त्याने मांडलं. कागदावर सगळं चोख. पण दट्टा सरकायचा तर फट हवी, आणि फट असली की पाणी गळणार.

ही फट बुजवायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. लंडनमध्ये कुलपं बनवणाऱ्या जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. गळतीवरचा तोडगा मात्र त्याच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराचा, असं सांगितलं जातं. तोडगा म्हणजे वाटीसारखी वळवलेली चामड्याची कडी. पाण्याचा दाब वाढला की तिच्या कडा आपोआप भिंतीला घट्ट चिकटतात. दाब उतरला की सैल पडतात. गळती करणारा दाबच गळती थांबवतो! मॉडस्लेने पुढे पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, म्हणून 1797 मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. (आयटीवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.) 1851 मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं पेटंट घेतलं. आमच्या जॅकमधलं रबरी सील त्या चामड्याच्याच वंशातलं. ते झिजलं, किंवा व्हॉल्व्हखाली मातीचा कण अडकला, की पास्कलचं गणित बरोबर असूनही गाडी खाली येते.

पण मला खरं उत्तर मिळालं ते वेल्समध्ये. मेनाई सामुद्रधुनीवरच्या ब्रिटानिया पुलासाठी दीड हजार टनांहून जड लोखंडी नळ्या हायड्रॉलिक प्रेसने उचलायच्या होत्या. इंजिनीअर रॉबर्ट स्टीफन्सनचा हट्ट होता, की नळी जशी वर जाईल तसा तिच्याखाली इंचाइंचाने आधार भरत जायचा. सहकाऱ्यांना हे वेळखाऊ वाटत होतं. ऑगस्ट 1849 मध्ये उचल चालू असताना प्रेसच्या सिलिंडरचा तळ फुटला. वरून पडलेल्या त्या तुकड्याने एका कामगाराचा जीव घेतला. नळी मात्र सुमारे नऊ इंचच खाली आली आणि भरलेल्या आधारावर टेकली. तो नसता तर नळी गेली असती, कदाचित पूलही.

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चार वर्षांच्या डिग्रीत हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी झोपलो होतो.

आता आमच्याकडे एक पद्धत आहे. जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, समोरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करायचे. जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावायचा. गाडी उचलली की लगेच लोखंडी स्टँड लावून भार त्यावर टेकवायचा. विटा नाहीत, त्या न सांगता फुटतात. रस्त्यात स्टँड नसेल तर निदान स्टेपनी गाडीखाली आडवी सारायची, आणि अंग आत घालायचंच नाही.

जॅकची निगा त्याहून सोपी. दांडा पूर्ण खाली करून, जॅक उभाच ठेवायचा; बाहेर राहिलेला दांडा गंजतो आणि तो गंज सील कापतो. तेल जॅकचंच घालायचं. ब्रेक ऑइल अजिबात नाही, त्याने सीलचं रबर फुगून खराब होऊ शकतं. जॅक स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा आहे. रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून काही वेळा पंप मारायचा, मग व्हॉल्व्ह बंद करून तेलाची पातळी बघायची. एवढं करूनही दांडा खाली सरकला, तर नवीन सील किंवा नवीन जॅक.

आम्ही नवीन जॅक घेतला आणि स्टँडची जोडीही. परवा बाबा म्हणाले, ‘‘पाच मिनिटांचं तर काम आहे, स्टँड कशाला?’’ मी काही न बोलता स्टँड सरकवला. कुणी हट्टी म्हटलं तर चालेल.