पिंपरी-चिंचवड : उद्योगांमागून आलेले नगर

राजधानी, बाजारपेठ वा तीर्थक्षेत्र यांच्या आश्रयाने नगर वाढावे व उद्योग मागाहून यावेत, हा सामान्य क्रम होय. पुण्याचे जोडशहर असलेल्या पिंपरी-चिंचवडच्या बाबतीत तो उलटा झालेला दिसतो. मोरया गोसावींच्या समाधीमुळे चिंचवडास धार्मिक प्रतिष्ठा होती. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्गही सुरू झाला. तथापि तेवढ्याने पवनाकाठच्या या गावांचे नगर झाले नाही.

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भूखंड, रस्ते व पाणी यांची एकत्रित सोय झाली आणि वाहने व यंत्रभाग यांचे कारखाने येथे एकवटले. नगरपालिका त्यानंतर, १९७० मध्ये आली. महानगरपालिका १९८२ मध्ये. १९७१ च्या जनगणनेत सुमारे ८३ हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांवर गेली.

या वाढीचा भार पवनेच्या पाण्यावर पडला. पवना धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी त्या आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. यास्तव या नगराचा अभ्यास महानगरपालिकेच्या सीमेपाशी थांबवता येत नाही. त्याच्या वाढीचा हिशेब मावळच्या शेतांतही मांडावा लागतो.