अळंबी आणि मोहाची: खानदेशातील एका जुन्या भोजनाचा वृत्तांत

ज्युबिलीच्या पुस्तकात देवळाच्या बांधकामाचा व धर्मगुरूंच्या श्रमांचा वृत्तांत यावा हे उचितच होय. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा खानदेशवासीयांच्या ताटातही थोडा इतिहास आहे. त्याची नोंद येथे केल्यास वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पाऊस लागला म्हणजे वारुळांभोवती अळंबी उगवते. तिची लागवड करणारी वाळवी होय. वारुळाच्या पोटात चावलेल्या पालापाचोळ्याच्या लगद्यावर ती या बुरशीची शेती करते. म्हणूनच ही अळंबी मनुष्यास आपल्या मळ्यात पिकविता आलेली नाही. ती काढल्यावर फार टिकत नाही. तिखट-मीठ लावून परतावी आणि भाकरीशी खावी.

सोबतीस मोहाची असे. मोहाचे फूल फाल्गुन-चैत्रात पहाटे गळते, आणि वाळविल्यास पावसाळ्यापर्यंत सहज पुरते. दुष्काळात तेच अन्न. एरवी ते भिजवून, आंबवून भट्टीवर चढवीत. वेदीवरचा द्राक्षारस तो निराळा, हे वाचकांस सांगणे नलगे. आमच्या मते ही जोडी फारशी जमत नाही. मोहाच्या उग्र दर्पापुढे अळंबीचा नाजूक स्वाद लोपतो. शिवाय काळ्या शाईसारखी पाझरणारी एक छत्री अशी आहे की, एरवी ती बाधत नाही, पण मद्याबरोबर पोटात गेल्यास तोंड लाल होऊन छाती धडधडू लागते. काही छत्र्या तर यकृताचा नाश करतात, आणि त्यांचे विष शिजवूनही जात नाही. चांदीचे नाणे काळे पडते की नाही, ही परीक्षा सर्वस्वी खोटी. जाणत्या माणसाने ओळखून दिली तरच खावी.

या दोन पदार्थांची वाट १८७८ साली वेगळी झाली. त्या एकाच वर्षी हिंदुस्थानचा जंगल कायदा आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. पहिल्याने रानावर सरकारची पकड बसली, दुसऱ्याने घरच्या भट्टीवर घाला घातला. ज्याने फूल वेचावे त्यानेच दुकानात रोख पैसे मोजून दारू घ्यावी, आणि पैसे नसल्यास सावकाराचे दार धरावे! अळंबी मात्र सुटली. आज उगवून उद्या नासणाऱ्या वस्तूचा मक्ता कोण घेणार?

पुढे, १९३८ च्या सुमारास, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील तळोदा भागात गुला महाराजांच्या सांगण्यावरून भिल्ल बांधवांनी मोठ्या संख्येने दारू सोडली. हे काम कोणत्याही कायद्याने केले नाही. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला तो १९४९ साली, म्हणजे त्यानंतर सुमारे अकरा वर्षांनी. रानातील गौण उपज वेचण्याचा वनवासीयांचा हक्क तर २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य झाला. तोपर्यंत मोहाच्या झाडाखाली पहाटे टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांच्या कैक पिढ्या होऊन गेल्या होत्या.