तीनचाकी मोटारसायकलचे रनिंग-इन आणि इंधनवापर

रनिंग-इन (किंवा ब्रेक-इन) म्हणजे नव्या इंजिनातील एकमेकांवर घासणारे भाग परस्परांशी जुळून येईपर्यंत ते काही पथ्ये पाळून चालवण्याचा आरंभीचा काळ होय. मराठी बोलण्यात ‘गाडी रनिंगमध्ये आहे’, ‘इंजिन अजून टाइट आहे’, ‘इंजिन आता मोकळे झाले’ असे शब्दप्रयोग याच काळासंबंधी होतात. या अवधीत गाडी पुढील काळापेक्षा काहीसे अधिक इंधन घेते. इंजिन योग्य रीतीने रुळले तर हा फरक भरून निघतो. ते चुकीच्या रीतीने रुळले, तर वाढीव इंधनवापर आणि ऑइल जळणे हे दोष इंजिनाला कायमचे चिकटू शकतात. प्रस्तुत लेखात या विषयाची मांडणी मुख्यतः कॅन-अ‍ॅम स्पायडर या तीनचाकी मोटारसायकलच्या अनुषंगाने केली आहे. अखेरीस रिक्षाचाही विचार केला आहे.

गाडीचा प्रकार

तीनचाकी मोटारसायकलींचे दोन मुख्य घाट आहेत. एकात पुढे एक व मागे दोन चाके असतात. हार्ले-डेव्हिडसन कंपनीची १९३२ ते १९७३ या काळात बनलेली सर्व्ही-कार या घाटाची होती. दुसऱ्यात पुढे दोन व मागे एक चाक असते. या दुसऱ्या घाटातही पियाज्जिओ एमपी३ (२००६) किंवा यामाहा निकेन यांसारख्या गाड्या वळणावर दुचाकीप्रमाणे झुकतात, तर स्पायडर झुकत नाही. स्पायडर ही कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हाल्कूर येथे मुख्यालय असलेल्या बीआरपी कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणली. तिला ऑस्ट्रियातील रोटॅक्स या कारखान्याची इंजिने बसवली जातात. आरंभी ९९८ घनसेंमीचे दोन सिलिंडरांचे ‘व्ही’ आकाराचे इंजिन होते. २०१४ च्या आरटी या प्रवासी प्रकारापासून १३३० घनसेंमीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आले. नव्या इंजिनाची कमाल शक्ती ११५ अश्वशक्ती असून ते जुन्यापेक्षा कमी फेऱ्यांवर जोर देते. लांबच्या प्रवासात ते कमी पेट्रोल घेते, याचे एक कारण हेच आहे.

इंजिन रुळते म्हणजे काय होते

सिलिंडरच्या आतील भिंत दिसायला आरशासारखी गुळगुळीत असावी, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. कारखान्यात सिलिंडर अखेरच्या टप्प्यात होनिंग नावाच्या प्रक्रियेने घासला जातो आणि त्याच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघांची जाळी मुद्दाम उमटवली जाते. या रेघांच्या खाचांत ऑइल टिकून राहते. खाचांच्या मधले सूक्ष्म उंचवटे मात्र टोकदार असतात. पिस्टनची रिंग वरखाली होऊ लागली की उंचवट्यांची टोके झिजतात, रिंगेची कडाही त्या विशिष्ट सिलिंडरच्या आकाराला बसेल इतकी घासली जाते आणि दोहोंमध्ये वायू कोंडून धरणारी घट्ट जुळणी तयार होते. खाचा शिल्लक राहतात, टोके जातात. रुळणे म्हणतात ते मुख्यतः एवढेच.

या क्रियेत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. रिंगेला भिंतीवर दाबून धरणारा जोर तिच्या स्वतःच्या ताणातून थोडाच येतो. मोठा जोर येतो तो ज्वलनातून. पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटले की तप्त वायू रिंगेच्या वरच्या बाजूने तिच्यामागील खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणून इंजिनावर अजिबात भार न देता ते नुसते फिरवत ठेवले, तर रिंग पुरेशी दाबली जात नाही. ऑइलचा थर भिंतीवर भाजून चकचकीत, काचेसारखे पुट चढते. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा पुट चढले की रिंग त्यावरून नुसती घसरते. वायू खाली क्रँककेसमध्ये गळतो, ऑइल वर चढून जळते, आणि कितीही किलोमीटर झाले तरी अ‍ॅव्हरेज सुधारत नाही. त्यावर उपाय एकच उरतो. इंजिन खोलून सिलिंडर पुन्हा होन करावा लागतो व नव्या रिंगा घालाव्या लागतात. नव्या गाडीला अतिशय जपणाऱ्या मालकाच्या वाट्याला हे येते, हा या विषयातील दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

याउलट आरंभीच पूर्ण थ्रॉटल देऊन दीर्घकाळ पळवल्यास उंचवट्यांची टोके झिजण्याऐवजी तापून फाटतात आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. नव्या इंजिनात घर्षण जास्त, म्हणून उष्णताही जास्त असते.

आजच्या अनेक ॲल्युमिनियम सिलिंडरांवर निकासिल हा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा अतिशय कठीण थर असतो. तो जर्मनीतील माहले कंपनीने मुळात फिरत्या पिस्टनच्या व्हांकेल इंजिनासाठी विकसित केला. अशा सिलिंडरात भिंत फारशी झिजत नाही, झिजते ती रिंग. शिवाय यंत्रकामाची अचूकता वाढल्यामुळे पूर्वीपेक्षा रुळण्यासारखे फार थोडे उरले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये नव्या मोटारीच्या मागील काचेवर ‘रनिंग-इन, कृपया पुढे जा’ या अर्थाची इंग्रजी पाटी लावून मालक रस्त्याच्या कडेने सावकाश जात असत. ती पाटी आता दिसत नाही, यामागे हेच कारण आहे.

पथ्ये

स्पायडरसाठी निर्मात्याच्या पुस्तिकेत १००० किलोमीटरांचा रनिंग-इन काळ सांगितला आहे. या अंतरात दीर्घकाळ पूर्ण थ्रॉटल देऊ नये, त्याचबरोबर दीर्घकाळ एकाच वेगानेही जाऊ नये, असा सल्ला असतो. थोडा वेळ जोर देऊन वेग वाढवणे मात्र हिताचे मानले जाते. वर सांगितलेली रिंगेमागील वायूची क्रिया लक्षात घेतल्यास या दोन्ही सूचनांची संगती लागते. वेग वाढवताना रिंग दाबली जाते. थ्रॉटल सोडल्यावर सिलिंडरात निर्वात दाब निर्माण होऊन थोडे ऑइल वर ओढले जाते, ते भिंत थंड करते आणि झिजलेले कण धुऊन नेते. त्यामुळे चढउताराचा, वळणांचा साधा रस्ता यासाठी द्रुतगती महामार्गापेक्षा चांगला. नवी गाडी घेऊन पहिल्याच दिवशी तीन-चार तास महामार्गावर एका वेगाने जाणे हा सर्वांत वाईट पर्याय होय, मग तो वेग कितीही सौम्य असो.

‘सावकाश चालवा’ या सूचनेचा अर्थ अनेकजण वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर गाडी ओढणे असा घेतात. इंजिन गुदमरत असताना थ्रॉटल पिळणे हे नव्या इंजिनाला जास्त फेऱ्यांपेक्षाही घातक ठरू शकते, कारण बेअरिंगवर मोठा दाब येतो आणि त्या मानाने ऑइलचा पुरवठा व दाब कमी असतो. कोरड्या गाडीचेच वजन सुमारे ४६० किलोग्रॅम असल्याने स्पायडर आरटीच्या बाबतीत हा मुद्दा दुचाकीपेक्षा महत्त्वाचा आहे. तिच्या अर्धस्वयंचलित गिअरपेटीत वेग कमी झाल्यावर गिअर आपोआप खाली येतो, परंतु वर मात्र चालकालाच टाकावा लागतो. तो फार लवकर टाकण्याचा मोह पेट्रोल वाचवण्याच्या हेतूनेच होतो.

रुळायचे असते ते केवळ इंजिन नव्हे. ब्रेकचे पॅड व डिस्क यांची जुळणी व्हावी लागते, म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरांत गरज नसता कचकन ब्रेक लावू नये. नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो.

ऑइलच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यांत घर्षण कमी करणारी रसायने घातलेले मोटारगाड्यांचे ‘इंधनबचत’ ऑइल वापरल्यास क्लच घसरू लागतो. अशा गाड्यांसाठी जपानी ‘जासो’ मानकातील एमए वर्गाचे ऑइल सांगितले जाते. अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून पातळ ऑइल घालणाऱ्याचा क्लच घसरून अ‍ॅव्हरेज उलट घटते.

मतभेद

पहिल्या काही किलोमीटरांतच जोरदार भार द्यावा, म्हणजे रिंगा लवकर व पक्क्या बसतात, असे मानणारा एक पक्ष आहे. शर्यतीची इंजिने बांधणारे बहुधा या पक्षाचे असतात. पिस्टन असलेल्या विमानी इंजिनांच्या बाबतीत तर निर्मात्यांचाच तसा सल्ला असतो. लायकमिंग कंपनी नव्या इंजिनासाठी साधे खनिज ऑइल आणि ६५ ते ७५ टक्के शक्तीवर उड्डाण सुचवते. या उदाहरणावरून भार आवश्यक असतो एवढे निश्चित सिद्ध होते. मात्र विमानाचे इंजिन वैमानिक तापमानाच्या काट्याकडे पाहत चालवतो आणि शर्यतीचे इंजिन काही तासांतच पुन्हा खोलले जाते. रस्त्यावरच्या गाडीला यांपैकी काहीच लागू नाही. मध्यम भार, बदलता वेग आणि पूर्ण तापलेले इंजिन हा पुस्तिकेतील मार्ग दोन्ही पक्षांच्या मधला आहे व हमीच्या अटींनाही तोच धरून आहे.

इंधनवापर

दुचाकीवरून तीनचाकीवर आलेल्या चालकाला पहिला धक्का इंधनवापराचा बसतो आणि तो त्याचे खापर रनिंग-इनवर फोडतो. वस्तुतः मोठा वाटा गाडीच्या रचनेचा असतो. तिसऱ्या टायरचे घर्षण, जास्त वजन आणि मुख्य म्हणजे समोरचा रुंद आकार या तिन्ही गोष्टी कायमच्या आहेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ९० ऐवजी ११० किलोमीटरांनी गेल्यास हवेचा विरोध सुमारे दीडपट होतो. इंजिन कितीही मोकळे झाले, तरी वेगातील एवढा फरक ते भरून काढू शकत नाही.

रुळण्याचा स्वतःचा परिणाम तुलनेने माफक असतो. अंतर्गत घर्षण घटते, वायूची गळती थांबते, आणि सुधारणा पहिल्या काही हजार किलोमीटरांत हळूहळू दिसते. याच काळात आणखीही काही बदल घडत असतात. नव्या टायरची जाड नक्षी झिजून त्याचे घर्षण कमी होते, चालकाचा हात सुधारतो, ऋतू पालटतो. रनिंग-इनच्या पथ्यांमुळे होणारी वेगाची सततची वरखालीही संपते. हे सारे श्रेय एकट्या इंजिनाला देणे योग्य नाही. इंधनातील इथेनॉलचाही हिशेब धरावा लागतो. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असल्याने १० टक्के मिश्रणात प्रतिलिटर ऊर्जा साधारण ३ टक्क्यांनी घटते.

मोजमाप

मराठीत प्रतिलिटर अंतराला सर्रास ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता ‘सरासरी’ असा आहे, पण मराठीत तो या एकाच अर्थाने रुजला आहे. गंमत अशी की सरासरी काढण्यातच बहुतेकांची चूक होते. समजा, एका खेपेस २०० किलोमीटरांना २० लिटर (१० किमी प्रतिलिटर) व दुसऱ्या खेपेस २०० किलोमीटरांना १२.५ लिटर (१६ किमी प्रतिलिटर) पेट्रोल लागले. दोन्ही आकड्यांची सरासरी १३ येते, परंतु ४०० किलोमीटरांना ३२.५ लिटर हे खरे उत्तर १२.३ आहे. एकूण अंतराला एकूण लिटरांनी भागणे हीच योग्य रीत होय.

टाकी काठोकाठ भरून अंतर नोंदवावे व पुन्हा काठोकाठ भरताना लागलेले लिटर मोजावेत. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. पंपाची नळी थोडी आधी बंद झाली आणि १५ लिटरांत १ लिटराची चूक पडली, तर उत्तर जवळजवळ ७ टक्क्यांनी बिघडते. म्हणजे रुळण्यामुळे होणाऱ्या सुधारणेइतकी चूक मोजण्यातच होऊ शकते. परदेशी आकडे वाचताना गॅलनही पाहावा. ‘३० मैल प्रतिगॅलन’ म्हणजे अमेरिकी गॅलनने (३.७८५ लिटर) १२.८ किमी प्रतिलिटर, तर ब्रिटिश गॅलनने (४.५४६ लिटर) केवळ १०.६ किमी प्रतिलिटर होतात. कॅनडात अधिकृत आकडे १०० किलोमीटरांना किती लिटर या उलट्या मापात देतात. तेथे आकडा जितका लहान तितकी गाडी काटकसरी.

रिक्षा

भारतातील तीनचाकी वाहनांची परंपरा स्वतंत्र आहे. इटलीच्या पियाज्जिओने १९४८ मध्ये व्हेस्पा स्कूटरवरून अ‍ॅपे ही तीनचाकी तयार केली. पुढे त्याच कंपनीच्या परवान्याखाली बजाजने भारतात रिक्षा बनवल्या. पियाज्जिओचा स्वतःचा कारखाना आता बारामतीला आहे. जुन्या रिक्षांची इंजिने टू-स्ट्रोक असल्याने रनिंग-इनमध्ये पेट्रोलात ऑइलचे प्रमाण वाढवून घालावे लागे, आणि पुस्तिकांत प्रत्येक गिअरसाठी वेगमर्यादा छापलेली असे. फोर-स्ट्रोक इंजिने आल्यावर मिश्रणाचा प्रश्न मिटला.

रिक्षाचालकाची अडचण छंद म्हणून गाडी बाळगणाऱ्यापेक्षा निराळी आहे. त्याची नवी गाडी पहिल्या दिवसापासून तीन प्रवासी घेऊन थांबत-थांबत शहरात फिरते आणि कर्जाचा हप्ताही पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. वेगाचे सततचे बदल त्याला आपोआप लाभतात, ही जमेची बाजू होय. धोका असतो तो चढावर भरल्या गाडीने वरच्या गिअरमध्ये ओढण्याचा, आणि स्टँडवर इंजिन चालू ठेवण्याचा. विशेषतः डिझेल इंजिन भाराविना फार वेळ चालू राहिले, तर ग्लेझिंग लवकर होते.

सीएनजी रिक्षांचे अ‍ॅव्हरेज किलोमीटर प्रतिकिलोग्रॅम असे सांगतात. एक किलोग्रॅम सीएनजीमध्ये सुमारे दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. त्यामुळे सीएनजीचा आकडा पेट्रोलच्या आकड्याशेजारी ठेवण्यापूर्वी त्याला दीडने भागणे आवश्यक आहे. खर्चाची तुलना करायची असल्यास दोन्हींचा प्रतिकिलोमीटर खर्च रुपयांत काढावा.