छायाचित्रकाराची काळोखी खोली व जुन्या कागदांचा पाठ

कागदपत्रांच्या संशोधनांत अस्सल व नक्कल यांतील भेद आपण मोठ्या कसोशीनें पाहतों. नक्कल कोणीं केली, केव्हां केली, नकलकाराचें अक्षर कसें होतें, त्यास मोडी नीट लागत होती कीं नाहीं, हे प्रश्न विचारल्यावांचून कोणी जाणता संशोधक नकलेवर विसंबत नाहीं. परंतु तीच नक्कल छायाचित्राच्या रूपानें पुढें आली म्हणजे हे सारे प्रश्न आपण विसरतों. यंत्रास पक्षपात नाहीं, तेव्हां त्याच्याकडून पाठांत फरक होणार नाहीं, अशी आपली समजूत असते. ही समजूत पुरती खरी नाहीं. छायाचित्र हीहि एक नक्कलच होय, आणि तिच्या नकलकाराची बैठक, साधनें व अडचणी ठाऊक असल्यावांचून ती नीट वाचतां येत नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आम्हांस हा धडा एका पोथीनें शिकविला. एका खासगी संग्रहांतील पोथीचीं जुन्या कांचांवर घेतलेलीं छायाचित्रें आम्ही पाठभेदांसाठीं तपाशीत होतों. मूळ पोथी त्या वेळीं पाहावयास मिळाली नव्हती. कांहीं पत्रांवर ओळींच्या मध्येंच काळे डाग दिसले. लेखकाच्या हातून शाई सांडली असावी असें समजून त्या जागीं आम्ही ‘अक्षरें नष्ट’ अशी नोंद केली. पुढें मूळ पोथी हातीं आली, तेव्हां त्या डागांच्या जागीं पिवळाधमक हरताळ आढळला, व त्यावर लिहिलेलीं शुद्ध अक्षरें सहज वाचतां आलीं. लेखकानें जेथें चूक सुधारली होती, नेमका तेथलाच पाठ आम्ही गमावला होता. दोष पोथीचा नव्हता, छायाचित्रकाराच्या हातचलाखीचाहि नव्हता. तो आमच्या अज्ञानाचा होता.

याचें कारण कांचेवरील रासायनिक लेपांत आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं कोलोडियनची ओली कांच प्रसिद्ध केली, व रिचर्ड लीच मॅडॉक्स यानें १८७१ सालीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेचा मार्ग दाखविला. या दोन्ही कांचांस निळा व जांभळा प्रकाश तेवढा दिसे. पिवळा फारच थोडा, आणि तांबडा जवळजवळ मुळींच नाहीं. हेर्मान फोगेल यानें १८७३ सालीं लेपांत रंगद्रव्य मिसळून हिरव्यापिवळ्या रंगांची ग्रहणशक्ति वाढविली. सर्व रंग ग्रहण करणाऱ्या कांचा इंग्लंडांत १८०६ नव्हे, तर १९०६ सालीं विक्रीस आल्या. परंतु साध्या कांचा तांबड्या दिव्याच्या उजेडांत डोळ्यांदेखत धुतां येत, म्हणून नकलांच्या कामीं त्या पुढेंहि पुष्कळ वर्षें वापरांत राहिल्या.

यावरून पोथीसंग्राहकानें पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. साध्या कांचेवर हरताळ काळा येतो. हिंगुळाचे दंड, मथळे व पुष्पिका काजळाच्या शाईसारख्याच काळ्या येतात, आणि मूळ कोणतें व मागाहून तांबड्यानें खुणावलेलें कोणतें हा भेद नाहींसा होतो. पाणी लागून पिवळा पडलेला भाग डोळ्यांस दिसतो त्याहून पुष्कळ काळा येतो. उलट निळी शाई फिकट होते, आणि गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांतील निळसर विलायती कागद पांढराशुभ्र दिसतो. इंग्लंडांत १८६१ सालीं सर हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखालीं ‘डूम्सडे बुक’ या जुन्या दप्तराची फोटोझिंकोग्राफीनें छपाई सुरू झाली. त्या ग्रंथांत गांवांचीं नांवें ठळक दिसावीं म्हणून त्यांवरून तांबडी रेघ ओढलेली आहे. तीच रेघ काळी उमटली तर वाचणारा नांव खोडलें आहे असें समजेल, म्हणून त्या छपाईंत तांबड्या रंगाची वेगळी योजना करावी लागली.

आतां ही साधनें आपल्या प्रांतांत कोणत्या स्थितींत वापरलीं गेलीं तें पाहूं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंत पुढाकार घेणाऱ्या एतद्देशीय गृहस्थांपैकीं होते. कॅप्टन बिग्ज व त्यामागून डॉ. पिगू यांनीं सरकारच्या हुकुमानें विजापूर, धारवाड वगैरे भागांतील इमारतींचीं चित्रें घेतलीं. तीं १८६६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्याच सुमारास मेजर रॉबर्ट गिल यानें अजिंठ्याचीं चित्रें कॅमेऱ्यानें टिपलीं.

ओल्या कांचेचें काम करणारास काळोखी खोली हातापाशींच असावी लागे. कांचेवर कोलोडियन ओतावयाचें, तें रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाचें, ओलें असतांच कॅमेऱ्यांत घालावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं हिराकसाच्या पाण्यानें चित्र उठवावयाचें, हें सर्व थोड्या मिनिटांत उरकावें लागे. कोलोडियनमधील ईथर सुमारें ३५ अंश सेंटिग्रेडवर उकळतो. चैत्रवैशाखांत देशावर याहून अधिक उष्मा असतो. म्हणून पहांटेस काम, ओल्या गोणपाटांनीं झांकलेला तंबू, आणि गाळलेल्या पाण्याच्या घागरी हा सरंजाम बरोबर न्यावा लागे. कोरडी कांच आली तरी उष्म्याचा त्रास सरला नाहीं. धुण्याचें पाणी कोमट झालें कीं जिलेटिनच्या कडा सुटून चित्रास सुरकुत्या पडत, व त्यास तुरटीच्या पाण्यानें घट्ट करावें लागे. जुन्या चित्राच्या कडेस दिसणारीं बोटांचीं ठशे, ओघळ व सुटलेला लेप हीं या धांदलीचीं चिन्हें होत. तीं मूळ वस्तूचीं समजूं नयेत.

व्यक्तींच्या चित्रांसहि हाच न्याय लागतो. छायाचित्रशाळेचें छत उत्तरेकडे कांचेचें ठेवीत, कारण त्या बाजूस थेट ऊन न येतां दिवसभर सारखा उजेड मिळतो. मान हालूं नये म्हणून पाठीमागून लोखंडी टेकू लावीत; बसणाराचा ताठा हा पुष्कळदां त्याच्या स्वभावाचा नसून त्या टेकूचा असतो. तांबडें आलवण काळें, आणि आकाशी लुगडें पांढरें दिसतें. तेव्हां जुन्या चित्रावरून वस्त्राचा रंग ठरविणें धोक्याचें आहे. कांच उलट बाजूनें छापली गेल्यास डावें उजवें पालटतें. अंगरख्याचे बंद, तरवारीची बाजू किंवा चित्रांतील एखादी पाटी पाहून हें ताडून घ्यावें.

आज कांच जाऊन संख्यात्मक कॅमेरा आला आहे. परंतु नकलकाराच्या बैठकीचे नियम फारसे बदललेले नाहींत. दप्तरांचीं छायाचित्रें घेतांना उपयोगी पडलेल्या कांहीं गोष्टी येथें देतों.

पहिली गोष्ट जागेची. वाड्याच्या माडीवरील तक्तपोशी माणसाच्या चालण्यानें हालते, व तिपाई कितीहि जड असली तरी अक्षर अस्पष्ट येतें. म्हणून काम तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर करावें. विजेचा भरंवसा नसेल तर उत्तरेकडील ओसरी उत्तम. समोरच्या बाजूस पांढरें धोतर ताणून लावलें कीं सांवली भरून निघते. घेणारानें स्वतः गडद कपडे घालावे, म्हणजे कागदावर कांच ठेवली असतां तीत पांढऱ्या सदऱ्याचें प्रतिबिंब पडत नाहीं. ठिसूळ कागदावर मात्र कांच दाबूं नये. बांधीव बाड सपाट उघडण्याचा हट्ट धरूं नये, त्यास दोहों बाजूंनीं उशा द्याव्या.

दुसरी गोष्ट उजेडाची. दोन सारखे दिवे कागदाच्या दोहों बाजूंस ४५ अंशांवर ठेवावे व खिडक्या बंद कराव्या. उजेड सारखा पडला कीं नाहीं हें पाहण्यास कोऱ्या कागदाच्या मध्यभागीं पेन्सिल उभी धरावी. तिच्या दोन्ही सांवल्या सारख्याच गडद असल्या पाहिजेत. ताम्रपट, खरवडलेली ओळ किंवा लेखणीचा दाब पाहावयाचा असेल तर एकच दिवा अगदीं आडवा लावावा, आणि तो वरच्या डाव्या बाजूस असावा. उजेड खालून आला तर खोदलेलें अक्षर उठावाचें भासतें. कागदांतील पाणचिन्हासाठीं प्रकाश मागून द्यावा.

तिसरी गोष्ट कॅमेरा कागदाशीं काटकोनांत असण्याची. कागदाच्या जागीं लहानसा सपाट आरसा ठेवावा. भिंगांतून पाहतां भिंगाचेंच प्रतिबिंब मध्यभागीं दिसलें म्हणजे कॅमेरा सरळ आहे. प्रत्येक चित्रांत मोजपट्टी, रंगांची पट्टी व रुमालाचा क्रमांक लिहिलेली चिठी असावी. कोरीं पानें, पाठी व वेष्टनेंहि सोडूं नयेत; मागाहून शेरा नेमका पाठीवरच होता असें आढळतें. रुमाल मालकास परत करण्यापूर्वीं चित्रें मोजून, उघडून पाहावीं, व त्यांच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या.

रंगीत चित्राचा एक विशेष लाभ सांगण्यासारखा आहे. त्यांतील तांबडा, हिरवा व निळा हे तीन भाग संगणकावर वेगळे करून पाहतां येतात. तांबड्या भागांत हिंगूळ व पिवळे डाग पुष्कळ अंशीं विरून काजळाची शाई तेवढी उरते. निळ्या भागांत चित्र जवळजवळ तसें दिसतें, जसें तें साध्या कांचेस दिसलें असतें. ज्या पोथीचें जुनें छायाचित्र व मूळ दोन्ही उपलब्ध आहेत, तिचा निळा भाग जुन्या चित्राशीं ताडून पाहावा, म्हणजे कोणता काळेपणा रंगाचा व कोणता शाईचा हें स्वतःच्या डोळ्यांनीं कळतें. काजळाची शाई अवरक्त प्रकाशांतहि काळीच राहते, तर लोखंडाची शाई फिकट होते वा नाहींशी होते. शाईची जात ओळखण्यास याचा उपयोग होतो.

शेवटीं जुन्या कांचांविषयीं. मूळ कागद गहाळ झाल्यावर कांचच अस्सलाची जागा घेते, म्हणून तिची निगा कागदाइतकीच घेतली पाहिजे. कांचा एकीवर एक रचूं नयेत. प्रत्येक कांच निराळ्या कागदी पाकिटांत घालून लांब कडेवर उभी ठेवावी. लेपाच्या बाजूस हात लावूं नये व ती पाण्यानें पुसूं नये. संग्रहांत सेल्युलॉइडच्या जुन्या फिती असल्यास त्या नायट्रेटच्या आहेत काय हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. तशा फिती चटकन पेट घेतात, व कुजूं लागल्या म्हणजे जवळच्या कागदांसहि बाधतात.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच आहे कीं, छायाचित्र घेतांना वा प्रसिद्ध करतांना त्याखालीं तारीख, कॅमेरा, उजेडाची योजना, व मूळांत तांबडें, पिवळें किंवा निळें जेथें असेल त्या जागा नोंदवाव्या. जुन्या चित्रांवरून छापलेल्या पोथ्यांत जेथें जेथें ‘डाग’ वा ‘अक्षरें नष्ट’ अशी टीप आढळेल, तेथें मूळ पोथी हयात असल्यास ती पुन्हां एकवार उघडून पाहावी. आमच्या टिपणांतील नोंदी आम्ही अशाच एकेक दुरुस्त करीत आहों.