अठ्ठ्याऐंशी स्वाक्षऱ्या : एका निष्ठापत्राचा अर्थ

दिनांक २६ ऑक्टोबर १९३३ रोजी बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात आणि इतरत्रही एक लहानसे निवेदन प्रसिद्ध झाले. त्याखाली ८८ जर्मन लेखकांची नावे होती आणि त्यात अडॉल्फ हिटलर याच्याविषयी निष्ठेची प्रतिज्ञा केलेली होती. निवेदनाचा मजकूर अवघ्या काही ओळींचा आहे. शांतता, श्रम, राष्ट्राचा सन्मान आणि राज्याची पुनर्रचना यांचा त्यात उल्लेख आहे. साहित्याविषयी मात्र एक शब्दही नाही. त्याच वर्षी १० मे रोजी सार्वजनिकरीत्या जाळलेले ग्रंथ, देशत्याग करावा लागलेले सहव्यवसायी, यांचाही निर्देश नाही. लेखकांनी लेखक या नात्याने केलेल्या प्रतिज्ञेत लेखनाविषयी मौन असावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्रथम प्रसंग पाहिला पाहिजे. १४ ऑक्टोबर रोजी जर्मनीने राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि या निर्णयावर १२ नोव्हेंबर रोजी जनमत घेण्याचे ठरले. प्रतिज्ञा या दोन तारखांच्या मधली आहे. सप्टेंबर महिन्यात राष्ट्रीय संस्कृतिमंडळाचा कायदा झालेला होता. त्या मंडळाचे सदस्यत्व नसेल तर लेखन प्रसिद्ध करण्याचा मार्गच बंद होणार होता. तेव्हा हे निवेदन एकीकडे मतदानाच्या प्रचाराचे साधन होते आणि दुसरीकडे स्वाक्षरी करणाऱ्याच्या उपजीविकेशी निगडित होते.

आता शब्दांकडे वळू. शीर्षकातील ‘गेलोब्निस’ हा शब्द साध्या वचनाचा नव्हे. विधिपूर्वक घेतलेल्या व्रताचा भाव त्यात आहे. ‘गेफोल्गशाफ्ट’ म्हणजे नायकामागे चालणारा अनुयायीवर्ग. प्राचीन जर्मन टोळ्यांतील सरदार व त्याचे सोबती यांच्या संबंधाचे स्मरण हा शब्द करून देतो. पुढे २० जानेवारी १९३४ च्या श्रमविषयक कायद्याने कारखान्यातील मालकाला ‘नायक’ आणि कामगारांना ‘गेफोल्गशाफ्ट’ ठरविले. म्हणजे जो शब्द लेखकांनी ऑक्टोबरात आपणहून स्वतःस लावला, तोच तीन महिन्यांच्या आत कामगारांवर कायद्याने लादला गेला.

याहून बोलके आहे ते ‘निष्ठावान’ या विशेषणाचे तमभाववाचक रूप. वस्तुतः निष्ठेला पायऱ्या नसतात. मराठीत आपण ‘एकनिष्ठ’ म्हणतो. ‘एकनिष्ठतम’ असे कोणी म्हणत नाही. परंतु ‘परमनिष्ठा’ हेच एकदा प्रमाण ठरले की साधी निष्ठा अपुरी ठरते आणि मौन तर संशयास्पदच होते. नाझी राजवटीतील भाषेची टिपणे ज्यांनी त्या काळातच गुप्तपणे ठेवली, त्या व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात तमभावाच्या या अतिरेकाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे.

स्वाक्षरी करणारे सर्व एकाच वृत्तीचे होते काय? तसे म्हणता येत नाही. हान्स योस्ट आणि विल फेस्पर हे राजवटीचे उघड समर्थक होते. कवी गॉटफ्रीड बेन यांनी मे महिन्यात आकाशवाणीवरून देशत्यागी लेखकांना उत्तर देऊन आपली बाजू जाहीर केलीच होती. याउलट ओस्कार लोएर्के हे झामुएल फिशर या ज्यू प्रकाशकाच्या संस्थेत ग्रंथपरीक्षक होते. संस्थेचा बचाव व्हावा म्हणून त्यांनी नाव दिले. ऑटो फ्लाके यांना आपल्या ज्यू वंशसंबंध असलेल्या पत्नीची चिंता होती. उत्साह, महत्त्वाकांक्षा, भय आणि दुसऱ्याविषयीची काळजी ही सर्व या यादीत शेजारी शेजारी बसली आहेत. यादीतून मात्र यांतील काहीच कळत नाही. किंबहुना हेतूंमधील भेद पुसून टाकणे हेच अशा यादीचे कार्य असते. राजवटीला लेखकाचे अंतःकरण नको होते. त्याचे नाव हवे होते.

स्वाक्षरी न करणाऱ्यांचे चित्रही सरळ नाही. त्याच महिन्यात क्लाउस मान यांच्या ॲम्स्टरडॅमहून निघणाऱ्या ‘डी झाम्लुंग’ या नियतकालिकापासून आपण अलिप्त असल्याचे टोमास मान व आल्फ्रेड डोब्लिन यांनी जाहीर केले; तेही प्रकाशकाच्या आग्रहावरून. दोघेही तेव्हा जर्मनीबाहेर होते. परंतु नकार अशक्य होता असेही नव्हे. प्रशियन कला अकादमीने सदस्यांकडून अनुकूलतेची ग्वाही मागितली तेव्हा रिकार्डा हूख यांनी एप्रिल १९३३ मध्ये राजीनामा दिला. सरकार ज्याला राष्ट्रीय वृत्ती म्हणते ती आपली जर्मन वृत्ती नव्हे, असे त्यांनी अध्यक्षांना कळविले, आणि त्या जर्मनीतच राहिल्या.

प्रतिज्ञेच्या मोबदल्यात काय मिळाले? योस्ट १९३५ मध्ये लेखकमंडळाचे अध्यक्ष झाले. बेन यांच्यावर मात्र १९३६ मध्ये एस्‌. एस्‌. दलाच्या मुखपत्रातून हल्ला झाला आणि १९३८ मध्ये त्यांना मंडळातून काढून लेखनबंदी करण्यात आली. फिशर यांचे जावई १९३६ मध्ये संस्थेचा एक भाग घेऊन व्हिएन्नाला गेले. लोएर्के यांच्या स्वाक्षरीने जे वाचवावयाचे होते ते जर्मनीत वाचले नाही. ‘फोसिशे त्साइटुंग’ देखील मार्च १९३४ अखेर बंद पडले.

या ८८ जणांचा न्याय करताना इतिहासकाराने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे वाटते. हेतूचा विचार प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे करावा लागेल आणि तेथे कणव दाखविण्यास जागा आहे. परंतु कृतीचा परिणाम एकच होता. २६ ऑक्टोबरचे वृत्तपत्र वाचणाऱ्या सामान्य नागरिकाला लोएर्के यांची चिंता दिसली नाही. त्याला बेन व योस्ट यांच्याच पंक्तीत आणखी एक मान्यवर नाव दिसले. ज्यांचा व्यवसायच शब्दांचा अर्थ जपण्याचा, त्यांनी आपल्या नावाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती दिला.