पान की मूळ? सह्याद्रीच्या सावलीतील एका पांढऱ्या फुलाचा इतिहास

१/ मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले, की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर सागाच्या कुजक्या पाल्यातून लांबट हिरव्या पात्यांचे झुबके डोके वर काढतात. साखरशेतसारख्या गावांच्या पाड्यांवर ही पाती ‘कोळी भाजी’ म्हणून खुडली जातात. ठाणे-मुंबईच्या बाजारात हीच भाजी ‘फोडशी’ होते आणि औषधांच्या पेठेत तिचे मूळ ‘सफेद मुसळी’ या नावाने तोलले जाते. एका वनस्पतीची ही तीन नावे म्हणजे तिच्याकडे पाहण्याच्या तीन दृष्टी होत. त्यांच्यातील संघर्षाचा हा इतिहास आहे.

२/ प्रथम तिची ओळख. ही बहुवर्षायू वनस्पती आहे. पण वर्षातील बहुतांश काळ ती जमिनीखाली निजलेली असते. पावसाबरोबर पाने फुटतात. मग मधून एक दांडा वर येतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची, पिवळ्या परागकोशांची लहान पांढरी फुले उमलतात. पाऊस सरताना पाने पिवळी पडून गळतात. मातीत मात्र बोटांसारख्या मांसल मुळांचा घोस उरतो. पुढच्या पावसात या मुळांतील साठ्यावर नवी पाने फुटतात, जुनी मुळे सुकतात आणि त्यांच्या जागी नवी भरतात.

३/ शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ अगदी साधा : हिरवी वनस्पती. शहरी घरांच्या खिडक्यांत टांगलेले ‘स्पायडर प्लँट’ हे याच कुळातील, किंबहुना याच प्रजातीतील भावंड. ते आफ्रिकेतून जगभरच्या दिवाणखान्यांत पोहोचले. सह्याद्रीतील ही बहीण मात्र पानझडी वनाच्या विरळ सावलीतच राहिली.

४/ ज्या भूमीत ती उगवते तिचा राजकीय इतिहास दीर्घ आहे. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याने जव्हारचे राज्य उभारले. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून या घराण्याला मान्यता मिळाल्याची परंपरा आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रदेश ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. या सहा शतकांच्या कथेत गाद्या, तह आणि खंडण्या येतात. पावसाळी भाजी येत नाही. राज्याच्या इतिहासाला जे क्षुल्लक वाटते, ते पोटाच्या इतिहासात मात्र मोठे असते.

५/ हे मोठेपण ऋतूत दडलेले आहे. जून-जुलै हा डोंगराळ भागातील सर्वांत अवघड काळ. कणगीतील नागली-वरई तळाला गेलेली, नवे पीक अजून दूर आणि लावणीचे कष्ट डोक्यावर. नेमक्या याच दिवसांत रानभाज्या उगवतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरवले. ज्या प्रदेशात असे घडते, तेथे पहिल्या पावसातील हिरवी भाजी हौसेची राहत नाही. ती आधाराची असते.

६/ म्हणूनच तिच्याभोवती मर्यादा आखली गेली. वारली पाड्यांवर हंगामातील पहिली भाजी आधी देवाला, पूर्वजांना दाखवायची आणि मगच घरात खायची, अशी रीत आढळते. श्रद्धेच्या अंगाने पाहिले तर हा कृतज्ञतेचा विधी. निसर्गाच्या अंगाने पाहिले तर कोवळ्या रोपाला वाढण्यासाठी मिळालेले काही दिवस. खुडण्याच्या पद्धतीतही अशीच मेख आहे : पाती वरून कापली जातात, मुळाचा घोस मातीतच राहतो. पान नेले तरी झाड जगते.

७/ औषधाची परंपरा वेगळ्या वाटेने आली. आयुर्वेदातील ‘मुसली’ किंवा ‘तालमूली’ ही प्रामुख्याने काळी मुसळी मानली जाते. तीही रानाच्या सावलीतच वाढते. मात्र तिची फुले पिवळी आणि मूळ काळपट. सफेद मुसळी या नावाखाली तर क्लोरोफायटमच्या अनेक जाती विकल्या जात. साल काढून वाळवलेले पांढरे मूळ एवढीच पेठेतील खूण. ते नेमक्या कोणत्या झाडाचे, हा प्रश्न व्यापाऱ्याला पडत नसे.

८/ तो प्रश्न वनस्पतिशास्त्राला पडायला हवा होता. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी नोंद सिद्ध केली. या ग्रंथांत शेकडो वनस्पती आहेत. पण आज सफेद मुसळी म्हणून सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या या जातीला स्वतंत्र नाव नाही. पाड्यांवर दर पावसाळ्यात शिजणारी ही भाजी विज्ञानाच्या दृष्टीने अद्याप ‘अज्ञात’ होती.

९/ नाव मिळाले ते विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३-१९७०) हे स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. खंडाळा आणि पुरंदर त्यांनी पायी धुंडाळले होते. त्यांनी आर. आर. फर्नांडिस यांच्यासह ही जात वेगळी असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१०/ जातीच्या नावात त्यांनी बोरिवली गोवली. आज उपनगरी लोकलच्या गर्दीमुळे माहीत असलेले ते ठिकाण, आणि त्याला लागून असलेले, आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाणारे रान. मुंबईच्या वेशीवरील वनस्पतीला जगाच्या नोंदवहीत शिरायला इतका उशीर व्हावा, ही बाब विचार करायला लावणारी आहे. ‘शोध’ या शब्दाचा अर्थ येथे तपासून घ्यावा लागतो. शास्त्रज्ञांनी जातीचे वेगळेपण सिद्ध केले, हे कार्य मोलाचेच. परंतु झाड कुठे, केव्हा आणि कसे उगवते, हे ज्ञान त्याआधीच रानात नांदत होते.

११/ नाव मिळाल्यानंतरच्या दशकांत मागणी वाढत गेली. शक्तिवर्धक औषधांच्या उद्योगाला मूळ हवे होते, आणि ते येत होते रानातून. येथे पान आणि मूळ यांतील भेद निर्णायक ठरतो. पान खुडणारा हात पुढच्या वर्षी त्याच जागी परत येऊ शकतो. मूळ मुकुटासह उपसणारा हात ती जागा रिकामी करून जातो. बियांचे उगवण्याचे प्रमाण कमी असल्याने रिकामी जागा सहजी भरत नाही. अनेक राज्यांच्या रानांत ही वनस्पती विरळ झाली आणि संकटग्रस्त वनस्पतींच्या चर्चेत तिचे नाव येऊ लागले.

१२/ उपाय म्हणून लागवड पुढे आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थानात मुसळीची लाट उसळली. एकरी लाखोंच्या उत्पन्नाची स्वप्ने दाखवली गेली. बेणे चढ्या दराने विकले गेले; कित्येकदा खरा नफा मूळ विकण्यात नव्हे, तर पुढच्या शेतकऱ्याला बेणे विकण्यात होता. असे चक्र नवे गिऱ्हाईक मिळेपर्यंतच फिरते. पीक बाजारात आले तेव्हा भाव कोसळले आणि अनेकांचे भांडवल बुडाले. हॉलंडमध्ये १६३७ मध्ये ट्यूलिपच्या कंदांचे भाव असेच गडगडले होते. कंद बदलला, देश बदलला. लोभाची रीत तीच.

१३/ वस्तुतः रोपाच्या गरजा साध्या आहेत. निचरा होणारी, पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली माती. उतारावर किंवा गादीवाफ्यावर लागण, कारण साचलेल्या पाण्यात मूळ कुजते. झाडांची विरळ सावली. बेण्याच्या प्रत्येक बोटाला वरच्या मुकुटाचा तुकडा चिकटलेला हवा. त्यावरच डोळा असतो, तो नसेल तर मूळ कितीही जाड असो, अंकुर फुटत नाही. लागण पहिल्या पावसाबरोबर. पाने गळाल्यावर लगेच खणण्याची घाई करू नये. मुळांची साल गडद होईपर्यंत ती मातीतच पक्व होऊ द्यावीत. आणि काही घोस पुढच्या वर्षासाठी राखावेत. रानाने शतकानुशतके पाळलेला नियम बागेलाही लागू पडतो.

१४/ कायद्याचा प्रवासही उद्बोधक आहे. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी रानातील वस्तूंवर सरकारी नियंत्रण घट्ट केले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सवलतीच्या पातळीवर आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली, तसेच रान राखण्याचा सामूहिक अधिकारही दिला. ज्यांनी पान खुडताना मूळ राखले, त्यांच्या हाती मूळ राखण्याचा अधिकार कागदावर यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

१५/ एका लहानशा पांढऱ्या फुलाच्या निमित्ताने इतिहासाच्या साधनांचाही विचार होतो. दप्तरे, ग्रंथ आणि वनस्पतिसंग्रहातील वाळलेले नमुने ही साधने आहेतच. पण पाटीत भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने बाजाराला निघालेल्या बाईला पाती नेमकी कुठे कापायची हे ठाऊक असते, तेही साधनच आहे. ते कुठल्या कपाटात ठेवलेले नाही. पाड्यावरची मुलगी आईबरोबर रानात जाते, तेव्हा ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मातीतील मूळ टिकायचे, तर हे जाणेही चालू राहायला हवे.