खुब्याचे 4,700 पेशंट आणि क्वालिटीची नोंदवही



क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टीम म्हटलं की एसओपी, ऑडिट आणि फायलींचा ढीग आठवतो. या फायली नेमक्या कुणासाठी असतात, ते एका प्रकरणातून पाहू.

डेप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनची कंपनी. तिच्या एएसआर या कृत्रिम खुब्यात धातूवर धातू घासायचा. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचं, आजूबाजूच्या ऊती खराब व्हायच्या आणि अनेकांना पुन्हा ऑपरेशन करावं लागायचं. ऑस्ट्रेलियात सांधेबदलाच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही होती. तिच्यात हे आकडे लवकर दिसले आणि डिसेंबर 2009 मध्ये तिथल्या बाजारातून एएसआर मागे घेतला गेला. जगभरचा रिकॉल मात्र ऑगस्ट 2010 मध्ये झाला. आपल्याकडे 2011 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार केली.

2017 मध्ये केंद्राने चौकशी समिती नेमली. भारतात सुमारे 4,700 ऑपरेशनं झाली होती. कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंद झालेले पेशंट होते जेमतेम 1,080. बाकीचे कुठे आहेत, हे सांगणारी नोंदच हाताशी नव्हती. 2018 मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं, पण पेशंट सापडला तरच ती देता येणार ना?

आता धागा कुठे तुटतो ते बघा. आयएसओ 13485 हे मानक 1996 मध्ये आलं. सध्याची आवृत्ती 2016 ची. इम्प्लांटचं पार्सल ज्याला पाठवलं, त्याचं नाव-पत्ता कंपनीने ठेवावा, असं ते सांगतं. पण पार्सल घेणारा असतो डिस्ट्रिब्युटर किंवा हॉस्पिटल. पेशंटचा पत्ता राहतो हॉस्पिटलच्या केसपेपरवर. समजा, हिंगोलीचा माणूस मुंबईत ऑपरेशन करून गावी परतला आणि पुढे त्याचा मोबाईल नंबर बदलला. मग ऑडिटमध्ये सगळं पास, आणि माणूस मात्र हरवलेला!

आपल्याकडे 1 जानेवारी 2018 पासून वैद्यकीय उपकरण नियम, 2017 लागू झाले. त्यांच्या पाचव्या अनुसूचीत क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टीम आहे. रिसर्चसाठी ती वाचायला घ्याल तेव्हा प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा: हा बॅच नंबर शेवटी कुणाच्या दारापर्यंत पोहोचतो? उत्तर ‘हॉस्पिटलच्या स्टोअरपर्यंत’ असं आलं, तर तुमचा रिसर्चचा विषय तिथूनच सुरू होतो.